उलटी खोली: एका लघुपटाची दृश्यशैली ठरवताना

गोष्ट कागदावर साडेतीन पानांची होती. पुण्यात सदाशिव पेठेतला एक जुना वाडा, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यांत एकटाच राहणारा सत्तरीचा प्रूफरीडर. रात्री तो प्रूफं तपासून ठेवतो आणि सकाळी बघतो तर त्यांवर आणखी दुरुस्त्या झालेल्या. अक्षर त्याचंच, आणि दाराला आतून कडी. बारा मिनिटं, एक माणूस, एक खोली, तीन दिवसांचं शूटिंग. दिग्दर्शिका माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. कॅमेरा मी करायचा होता, त्यामुळे फिल्म दिसणार कशी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून माझ्या गळ्यात होता.

पहिलं लूकबुक, म्हणजे फिल्म कशी दिसेल हे दाखवणारी चित्रांची वही, मी एका रात्रीत बनवलं, आणि ते तसंच दिसत होतं. निळसर काळोख, टेबलावर एकच दिवा, अर्धा चेहरा अंधारात, कॅमेरा थोडा तिरका, लाल शाई. फ्रेम रुंद, कारण रुंद फ्रेम ‘सिनेमा’ वाटते. दिग्दर्शिकेने पानं उलटली आणि विचारलं, “अरे, या माणसाला वीजबिल परवडत नाही का?” मी हसण्यावारी नेलं.

माझ्याच फ्लॅटमध्ये दीड मिनिटाची टेस्ट शूट केली आणि आठ ओळखीच्यांना दाखवली. गोष्ट सांगितली नव्हती, फक्त ‘काय वाटलं’ एवढंच विचारलं. बहुतेकांनी पहिल्या शॉटनंतरच निकाल दिला होता: माणूस वेडा आहे, आणि जे काही होतंय ते तोच करतोय. त्यांचं चुकलं नव्हतं. पहिल्याच चित्रात कॅमेरा तिरका असेल तर माणूस सरळ होता कधी? ज्याचा तोल जाताना बघायचाय तो आधी तोल सांभाळून उभा दिसायला हवा. मी शेवटच्या मिनिटाचा मूड पहिल्या मिनिटात खर्च करून बसलो होतो.

मग आम्ही उलट टोकाला गेलो. ठरलं ते असं: खोली जशी आहे तशी दाखवायची. दिवसा चौकातून येणारा उजेड, रात्री ट्यूबलाइट, कॅमेरा स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. सगळं इतकं साधं की बँकेच्या माहितीपटात खपावं. पण मग भीती ठेवायची कुठे?

दिग्दर्शिकेची कल्पना होती की वस्तू हलवायच्या. एका शॉटमध्ये तांब्या-भांडं टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, पुढच्यात डाव्या. खुंटीवरचा पंचा एकदा पांढरा, एकदा निळ्या काठाचा. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधली वस्तू पुढच्यातही जागच्या जागी असणं, सांभाळायला माणूस ठेवतात, आम्ही ती बिघडवायला ठेवणार होतो. कल्पना ऐकायला फार छान होती. टेस्टमध्ये आठपैकी सात जणांना काहीच दिसलं नाही. आठव्याला पंचा दिसला आणि त्याने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “तुमची कंटिन्युइटीची चूक राहिलीय बघ.”

न दिसण्याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन या मानसशास्त्रज्ञांचा 1998 सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे: एक अनोळखी माणूस तुम्हाला रस्ता विचारतोय, मधून दोघं जण दार घेऊन जातात आणि दाराआड माणूसच बदलतो. निम्म्याच्या आसपास लोकांना बोलणारा बदलल्याचं कळलंच नाही. समोरचा अख्खा माणूस बदललेला कळत नाही तिथे भांड्याचं काय घेऊन बसलात. पण तो आठवा प्रेक्षक जास्त त्रासदायक होता. ज्याला दिसलं त्याने ती आमची चूक मानली. म्हणजे या युक्तीत एकतर कुणाला कळणार नाही, नाहीतर आमची अब्रू जाणार. मधला रस्ताच नव्हता.

उलटा शॉट

रस्ता सापडला तो दिग्दर्शिकेच्या फोनमुळे. रेकीच्या, म्हणजे शूटिंगची जागा आधी पाहून घेण्याच्या, दिवशी वाड्यात ती प्रूफरीडरच्या जागेवर बसून पाहत होती आणि फ्रेम कशी दिसते हे स्वतःला कळावं म्हणून तिने पुढच्या कॅमेऱ्याने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला. तिच्या फोनची सेटिंग अशी, की सेल्फी आरशातल्यासारखी उलटीच सेव्ह व्हायची. आमच्या एडिटरने रेकीचे सगळे तुकडे एकामागे एक लावले तेव्हा तोही त्यांत आला. आम्ही चौघं बघत होतो. तो तुकडा आला आणि चौघांनाही काहीतरी खटकलं. “ही दुसरी खोली आहे का?” एकाने विचारलं. खिडकी होती, टेबल होतं, कोनाडा होता. वस्तू एकही बदललेली नव्हती, फक्त डाव्याचं उजवं झालं होतं.

दृश्यशैली म्हणजे आमच्यापुरता एकच नियम झाला. जोवर हा माणूस स्वतःच्या ताब्यात आहे तोवर खोली सरळ. ‘दुसरा’, म्हणजे रात्री दुरुस्त्या करणारा, काम करत असेल तेव्हा चित्र उलटं. त्याला वेगळा प्रकाश, वेगळी लेन्स, वेगळा रंग असं काहीही द्यायचं नाही. एडिटवाले या उलटण्याला ‘फ्लॉप’ म्हणतात. पिक्चर काढणाऱ्याने सेटवर हा शब्द तोंडातून काढू नये असं आम्हाला वाटलं, म्हणून आम्ही ‘उलटा’च म्हणायचो. एकूण एकसष्ट शॉटपैकी नऊ उलटे.

एडिटमध्ये शॉट उलटायला एक क्लिक लागते, म्हणून मला वाटलं काम संपलं. प्रत्यक्षात तिथून पुढे दोन आठवडे आम्ही फक्त एवढंच शोधत होतो, की चित्र उलटलं की जगातलं काय काय उलटतं.

पहिलं अर्थात अक्षर. प्रूफरीडरच्या खोलीत अक्षराशिवाय दुसरं असतं काय? प्रूफांचे गठ्ठे, पुस्तकांच्या पाठी, औषधाचा खोका, भिंतीवर कालनिर्णय. हे सगळं उलटं दिसलं तर युक्ती पहिल्याच सेकंदाला उघडी पडणार. तेव्हा उलट्या शॉटसाठी प्रत्येक छापील वस्तूची आरशातली प्रत छापून घ्यायची, म्हणजे चित्र उलटल्यावर ती सरळ दिसेल. आर्ट सांभाळणाऱ्या मुलाने अशा अकरा वस्तू तयार केल्या. छपाईवाल्याने पहिला कागद हातात घेऊन विचारलं होतं, “हे मुद्दाम ना?”

या कामात एक गंमत कळली. इंग्रजी मजकूर उलटा केला की लांबूनही ओळखू येतो. देवनागरी तितकी पटकन पकडली जात नाही, कारण वरची शिरोरेषा तशीच राहते आणि डोळा आधी तीच बघतो. ग, त, न, प, म यांचा काना उजवीकडून डावीकडे जातो, पण ठ आणि ळ जवळजवळ तसेच राहतात. सहा-सात फुटांवरचं पुस्तक उलटं असलं तरी क्षणभर सरळच वाटतं, आणि मग वाचायला गेलं की वाचता येत नाही. मागच्या फळीवरची पुस्तकं म्हणूनच आम्ही तशीच उलटी ठेवली. अकरा वस्तू पुढच्या. मागचं सगळं ‘वाचता येत नाही’ या गटात. या निर्णयाचा मला अजून अभिमान आहे, आणि खर्चही वाचला.

घड्याळ दुसरं. आकडे नसलेलं भिंतीवरचं घड्याळ घेतलं. दहा वाजून दहा मिनिटं ही वेळ उलटली की एक पन्नास होते. म्हणजे काट्यांना हात न लावता रात्रीचे तीन तास चाळीस मिनिटं निघून जातात, आणि प्रूफरीडरच्या आयुष्यातून नेमका तेवढाच वेळ गायब असतो. याहून स्वस्त स्पेशल इफेक्ट मी पाहिलेला नाही. फक्त टेस्टमध्ये सेकंदकाटा उलटा फिरताना सगळ्यांना दिसला, तेव्हा तो काढून टाकला. पंखा आपल्याकडे खालून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, तोही उलटला. ते आजवर एकालाही कळलेलं नाही.

तिसरा हात, आणि इथे पटकथा बदलावी लागली. मूळ गोष्टीत ‘दुसरा’ समासात शब्द लिहायचा. नट उजव्या हाताने लिहिणार, उलटल्यावर तो डावखुरा दिसणार, हे आम्हाला हवंच होतं. पण त्याने लिहिलेलं अक्षर उलटं दिसणार. सत्तरीच्या नटाला आरशातली लिपी कॅमेऱ्यासमोर वेगाने लिहायला सांगणं म्हणजे छळ. दोन दिवस घोळ घातल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, “डावं-उजवं नसलेली एखादी दुरुस्ती आहे का?” आहे. टिंब.

मग गोष्टच तिकडे वळली. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य सरकारने 1962 साली मान्य केले. त्यांत न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी नांव, पांच, कांहीं, तें, कसें असं लिहायचे. ‘घरात’सुद्धा ‘घरांत’ असं. आमचा ‘दुसरा’ रात्री उठून प्रूफांवर ही जुनी टिंबं परत देतो. तशी टिंबं शेवटपर्यंत देत आलेला माणूस म्हणजे प्रूफरीडरचे वडील, शाळामास्तर. आजच्या वाचकाला ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये, वडिलांना ‘घरांत’ म्हणजे या एकाच घरामध्ये. ‘तो घरात आहे’ या वाक्यावर एक टिंब पडतं. फिल्ममध्ये भीती वाटावी असं लिहिलेलं एवढंच आहे. छपाईतलं ते टिंब मिलिमीटरभराचंही नसतं, म्हणून शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने तीन इन्सर्ट, म्हणजे अगदी जवळून घेतलेले छोटे शॉट, घेतले. तीनच. चौथा घेतला असता तर आम्ही प्रेक्षकाला बोट धरून नेतोय असं झालं असतं.

उजेड

खोली दहा बाय बारा फुटांची, छताला तुळया. फ्रेम शेवटी आम्ही चार बाय तीन घेतली. रुंद फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना भिंतीच भिंत येत होती. त्या मानाने उभट चौकटीत टेबल, माणूस आणि वरची तुळई नीट बसली. टिंबांचे इन्सर्ट सोडले तर पूर्ण फिल्मला 35 मिलिमीटरची लेन्स. सुपर 35, म्हणजे सिनेमा कॅमेऱ्याच्या प्रचलित मापाच्या, सेन्सरवर पूर्ण रुंदी वापरली तर ती दहा फुटांवरून साधारण सात फूट पट्टा पकडते. चार बाय तीनमध्ये कडा कापल्या की आणखी कमी. मागे सरकायला जागा नसल्याने दोन शॉट दाराबाहेर जिन्याच्या कठड्याला चिकटून घ्यावे लागले. स्पॉटदादांनी माझा पट्टा मागून धरला होता.

उजेड डावीकडून. खिडकी तिथेच होती म्हणून, पण त्याला अर्थही होता. उजव्या हाताने लिहिणारा माणूस दिवा डावीकडे ठेवतो, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. उलट्या शॉटमध्ये हात डावा आणि उजेड उजवीकडून. म्हणजे ‘दुसऱ्या’चं टेबलही त्याच्या परीने बिनचूक लावलेलं. त्याचं जग बिघडलेलं नाही, ते पूर्ण आहे आणि वेगळं आहे. काळोखाने हे कधीच साधलं नसतं.

चौकातल्या उन्हाने मात्र पळवलं. फेब्रुवारी होता. पुणे प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो तो घड्याळात पाऊण वाजण्याच्या सुमाराला. वाड्याच्या चौकात ऊन उतरायचं ते सव्वाबारा ते दीड. त्या सव्वा तासात चौकातल्या फरशीवरून उसळलेला मऊ उजेड खोलीत यायचा, तोच आम्हाला हवा होता. तीन दिवसांचे मिळून पावणेचार तास. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच वेळेला खालच्या बिऱ्हाडाने चौकात वाळवणाची चादर पसरली; पांढरी, दुहेरी. मी वरून हळहळलो, मग मीटर पाहिला तर उजेड वाढला होता. तिसऱ्या दिवशी आम्हीच काकूंना विचारायला गेलो, आज काही वाळत घालायचं नाही का म्हणून. ऊन गेल्यावरचे शॉट खिडकीबाहेर थर्मोकोल लावून आणि त्यावर लाइट मारून जमवले. ते ओळखू येतात, निदान मला.

रात्रीसाठी चार फुटी जुनी चोकवाली ट्यूब आणि आतल्या खोलीत पिवळा बल्ब. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते. सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश ठेवलं की प्रत्येक फ्रेमला नेमके दोन ठोके मिळतात आणि चित्र स्थिर राहतं. चोवीस फ्रेमच्या हट्टापायी मी आधी एका टेस्टमध्ये भिंतीवर लाटा आणल्या होत्या. ट्यूब लुकलुकावी अशी सूचना निर्मात्याकडून आली होती. भुताच्या सिनेमातली ट्यूब आमच्याकडे नको, असं दिग्दर्शिकेने त्यांना माझ्यापेक्षा सभ्य शब्दांत कळवलं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 4300 केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे ट्यूब किंचित निळी, बल्ब किंचित पिवळा, आणि दोन्ही घरातलेच. लाल शाई गेली. प्रूफरीडर शिसपेन्सिल वापरतो.

काकांनी पाहिलेलं

नट रंगभूमीवरचे, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. पहिल्या दिवशी रात्री मॉनिटरवर उलटून त्यांना त्यांचा शॉट दाखवला. ते म्हणाले, “हा जास्त मी वाटतो.” बरोबरच होतं. जन्मभर दाढी करताना पाहिलेला चेहरा आरशातलाच. बाकीच्या जगाला दिसतो तो त्यांना अनोळखी. दिग्दर्शिकेने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या रात्री खरा प्रकार झाला. उकाड्यामुळे प्रूफरीडर रात्री उघड्या अंगाने बसतो, गळ्यात जानवं. वेशभूषेत ते वास्तवासाठी आलं होतं, आमच्यापैकी कुणी त्यावर दुसऱ्यांदा विचार केला नव्हता. उलटा शॉट लागला. काका पुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पोरांनो, हा अपसव्य करून बसलाय.”

आम्हाला कळायला वेळ लागला. जानवं एरवी डाव्या खांद्यावर, उजव्या हाताखाली, ते सव्य. पितरांचं करताना ते उजव्या खांद्यावर घेतात; ते अपसव्य. चित्र उलटलं तेव्हा जानवंही उलटलं होतं. मेलेल्या बापाची टिंबं देणारा मुलगा श्राद्धाला बसल्यासारखा टेबलाशी बसला होता, आणि हे आम्ही कुणी ठरवलेलं नव्हतं.

त्या रात्री शॉट डिव्हिजन पुन्हा मांडली. आधी उलटे शॉट जवळून होते, कारण मला डावा हात दाखवायचा होता. आता ते कमरेपर्यंतचे केले, म्हणजे खांदा येईल. टॉवेल खांद्यावरून काढला. आणि त्याबद्दल एक अक्षर कुणाच्या तोंडी घातलं नाही. ज्याने घरात श्राद्ध पाहिलंय त्याला दिसेल, बाकीच्यांना खोली नुसती खटकेल. सगळ्यांना सगळं समजलंच पाहिजे असा आग्रह मी तरी सोडला आहे, निर्मात्यांनी अजून नाही.

ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला, फिल्म गेली तेव्हा आम्ही दोघंही दुसऱ्या कामात होतो आणि उलट्या शॉटची यादी पाठवायची राहिली. चार दिवसांनी तिथल्या मुलाचा फोन आला. आवाजात काम चोख केल्याचा आनंद होता. “मॅडम, टाइमलाइनवर चार शॉट चुकून उलटे झालेले दिसले. शर्टची बटणपट्टी बायकी दिसत होती, खिसा उजवीकडे. मी सरळ करून ठेवलेत.” ज्या उलट्या शॉटमध्ये वाचता येणारं अक्षर नव्हतं तेवढे त्याने बरोबर हेरले होते.

तीन आम्ही परत उलटे केले. चौथा शेवटचा होता: पहाट, प्रूफरीडर शर्ट घालून टेबलाशी, पान आडवं असल्याने काही वाचता येत नाही, हात एकदाच खाली जातो आणि वर येतो. आमच्या हिशेबात तो ‘दुसरा’ होता. सरळ केल्यावर खिडकी डावीकडे आली, पेन्सिल उजव्या हातात, पहिल्या शॉटसारखीच. दिग्दर्शिकेने तो तीनदा पाहिला. “आता टिंब तो स्वतः देतोय,” ती म्हणाली.

तो शॉट तसाच राहिला. श्रेयनामावलीत त्या मुलाचं नाव रंगसंस्कारात होतंच; तिने ते आणखी एका ठिकाणी घालायला सांगितलं. मुद्रितशोधन.